आपोआप सुरू होणारे पंखे

"अरे फ्यूज, हवा माझ्या तोंडावर येतेय!"

दादा ट्रकच्या समोर जाळीपाशी उभा होता. डोळे मिटलेले, उरलेसुरले केस उडताहेत. पंखे मी रेडिएटरसाठी नव्हे, खास त्याच्यासाठीच बसवलेत असा चेहरा.

"मग घे की खाऊन हवा," मी इंजिनाच्या बाजूने ओरडलो.

"गाढवा, हवा पुढून आत गेली पाहिजे. ही आतून बाहेर येतेय. गाडी पळायला लागली की वारा आत घुसणार आणि तुझे पंखे त्याला बाहेर ढकलणार. त्या दोघांच्या भांडणात इंजिन माझं उकळेल!"

मी वायरी बघितल्या. प्लस-मायनस उलटे जोडले होते. हयात घातली या कामात, आणि ही चूक! पंखे गरागरा फिरताना दिसले आणि मी खूश झालो. कुठल्या अंगाने फिरताहेत ते बघायचं राहूनच गेलं. दादा हसून हसून बंपरवर बसला. मी चिडून त्याच्या अंगावर फडकं फेकलं.

मला सगळे फ्यूज म्हणतात. गाड्यांचं वायरिंग करतो म्हणून नव्हे, लवकर उडतो म्हणून. नाव ठेवलं दादानेच. माझा थोरला भाऊ. ट्रक त्याचा स्वतःचा, आणि ट्रकच्या दुखण्यांचा डॉक्टर मी. या वेळचं दुखणं मोठं होतं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा मूळचा पंखा बेअरिंग गेल्यामुळे डुगडुगायला लागला आणि एक दिवस त्याचं पातं सरळ रेडिएटरमध्ये घुसलं. तसला पंखा आता कुठे मिळत नाही. गाडी भंगारात घाल, असं चार जणांनी सांगितलं. दादाने ते ऐकलं आणि दोन दिवस तो नीट जेवला नाही. वहिनी गेल्यापासून त्याला त्या ट्रकशिवाय आहे काय? मूलबाळ नाही. आमच्या भिंतीला भिंत लागून त्याची खोली, जेवायला आमच्यात. मी मग रेडिएटर दुरुस्त करून घेतला, एका मोडीत निघालेल्या बसचे दोन विजेचे पंखे आणले आणि कामाला लागलो.

मनापासून लागलो. त्याचं कारणही सांगून टाकतो. मला सुटायचं होतं.

ट्रक कुठेही बंद पडो, दादाचा फोन मलाच येणार आणि मी हातातलं काम टाकून जाणार, हे आमचं जन्मभराचं ठरलेलं. पोरीच्या लग्नात फोटो काढायच्या वेळी मी ट्रकखाली होतो. त्या फोटोत माझ्या जागी माझा मेहुणा उभा आहे, आणि माझ्यापेक्षा तोच बाप शोभतो. बायकोने तो फोटो मुद्दाम भिंतीवर लावलाय. मला येता-जाता दिसावा म्हणून.

आता जावयाने त्याच्या कंपनीत शब्द टाकला होता. इलेक्ट्रिशियनची जागा, राहायला दोन खोल्या, पोरगी हाकेच्या अंतरावर. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. बायकोने स्वयंपाक करता करता, माझ्याकडे न बघता सांगून टाकलं होतं, "या वेळी तुमचं काही निघालं ना, तर मी एकटी जाईन. थट्टा नाही करत."

म्हणून मला हे वायरिंग असं करायचं होतं, की पुन्हा कुणाला माझी गरजच पडू नये. वायरी सरळ केल्या आणि दादाला जवळ बोलावून सगळं समजावून दिलं.

"हा बघ सेन्सर, पाण्याच्या पाइपात. पाणी तापलं की हा इशारा देणार, इथे रिले टक् करून वाजणार, पंखे सुरू. पाणी निवलं की बंद. तू काही करायचं नाहीस."

"आणि तुझा सेन्सर झोपला तर?"

"तर केबिनमध्ये हे बटण. हाताने चालू कर. पंखा जळलाच तर त्याचा फ्यूज उडेल, तुझ्यासमोर लाल दिवा लागेल, तोवर दुसरा पंखा आहेच. सगळं आपोआप रे दादा. मला बोलवायची वेळच येणार नाही तुझ्यावर!"

मोठ्या फुशारकीने बोललो मी हे. दादा मान हलवत राहिला. मग एका काळ्या वायरीवर बोट ठेवून त्याने विचारलं, "ही कुठली?"

"रिलेची अर्थिंगची वायर. बॉडीला नटाने आवळलीय. ही सुटली तर ना सेन्सर चालेल ना बटण. पण सुटत नाही ती, खालून स्प्रिंग वॉशर घातलाय."

"अस्सं," दादा म्हणाला. थोड्या वेळाने, फडक्याने हात पुसत, "रविवारीच निघणार का रे तुम्ही?"

"हो. दुपारच्या बसने."

"जा बाबा. चांगली नोकरी आहे."

रविवारी सकाळी त्याचा निरोप घ्यायला गेलो तर खोलीला कुलूप. ट्रकही नव्हता. रविवारी कुठलं गोदाम उघडं असतं? मला राग आला. जाताना तोंडसुद्धा दाखवू नये माणसाने? बायको म्हणाली, "त्यांना बघवणार नाही हो, म्हणून गेले असतील. चला, आवरा."

आणि फोन वाजला.

"फ्यूज, गाडी तापतेय रे. पंखे बंद पडलेत. हमरस्त्यावर आहे, वजनकाट्याच्या पुढे."

"बटण दाब!"

"दाबलं. काही होत नाही."

माझं डोकंच फिरलं. एवढं जीव तोडून केलेलं काम दोन दिवस टिकू नये? बायकोने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला न सांगताच समजलं. गाडी कुठे उभी आहे तेवढंच मी सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"जा," ती म्हणाली. "आपली बस त्याच रस्त्याने जाते. मी जागा धरून बसते. बस दिसली की हात करा आणि चढा. एवढं तरी जमेल ना?"

"जमेल म्हणजे काय! एखादी वायर असेल, पाच मिनिटांचं काम."

शेजाऱ्याने मोटरसायकलवरून सोडलं. ट्रक झाडाच्या सावलीत, रस्त्याच्या पार कडेला, चाकाला दगड लावून व्यवस्थित उभा होता. दादा पायरीवर बसला होता. मी सरळ जाऊन बॉनेट उघडलं. वाफेचा फवारा येईल म्हणून तोंड बाजूला केलं होतं, वाफ नव्हतीच. पाइपाला हात लावला. कोमट. लहान मुलाला अंघोळ घालावी इतकं कोमट.

मग ती काळी वायर बघितली. नट जागेवर होता, नीट आवळलेला. वॉशरही होता. फक्त वायर त्याच्याखाली नव्हती. ती बाजूला मुडपून ठेवली होती आणि तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळली होती, छान, घट्ट, कुठे लागून नुकसान होऊ नये म्हणून. गाडीच्या धक्क्याने नट सैल होतो, हे मी मान्य करीन. पण गाडीचे धक्के टेप गुंडाळत नाहीत.

अंगाचा नुसता भडका उडाला. दादाच्या समोर जाऊन उभा राहिलो. खूप काही बोलायचं होतं. पोरीच्या लग्नातल्या फोटोचा विषय काढायचा होता, बायकोच्या आयुष्याचा काढायचा होता, माझ्याही. त्याने मान वर केली नाही. तो हातातल्या पान्याकडे बघत होता. दहाचा पाना. नट दहाचाच होता.

"इंजिन तापू नाही दिलं मी," तो हळूच म्हणाला. "तेवढी काळजी घेतली."

"दादा..."

"काय करू रे? संध्याकाळी कुणाशी भांडू?"

मी परत फिरलो. टेप सोडवली, वायर नटाखाली घातली, बटण दाबून बघितलं. टक् वाजलं. दोन्ही पंखे फिरले, आणि या वेळी बरोबर अंगाने. काम खरंच पाच मिनिटांचं होतं.

लांबून बस दिसली. मी कपड्यांना हात पुसले. पण हात काही वर होईना. तसाच उभा राहिलो, बघत.

हात दादाने केला. तो पायरीवरून उतरला, पार रस्त्याच्या मध्यावर गेला आणि पाना धरलेला हात उंच करून त्याने बस थांबवली. ड्रायव्हरने शिव्या घातल्या. दादाने त्या ऐकून घेतल्या आणि माझ्याकडे वळून ओरडला, "चल, पळ! बघतोस काय? बायको जागा धरून बसलीय तुझी!"

ती खिडकीत होती. तिने आधी दादाकडे बघितलं, त्याच्या हातातल्या पान्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी बसच्या दाराशी गेलो होतो. दांड्याला हातही लावला होता. दादाने मला आवळून धरून ठेवलं असतं ना, तर मी झटक्यात सोडवून घेतलं असतं, तेवढा राग होता माझ्यात. पण त्याने बस थांबवली होती. आता चढू कसा?

"येताय का हो? का नुसतंच दार धरून उभं राहायचंय?" कंडक्टर खेकसला.

मी दांडा सोडला.

बायकोने मांडीवरची एक बॅग उचलली, जरा तिरकी केली आणि खिडकीतून बाहेर काढली. माझे कपडे होते तिच्यात. मी दोन्ही हात वर करून ती घेतली. जड होती. तिने हिवाळ्याचेसुद्धा सगळे भरले होते.

"गोळ्या बाजूच्या कप्प्यात आहेत," ती म्हणाली, आणि बस निघाली.

दादा रस्त्याच्या कडेला उभा होता, शाळेत चूक केलेल्या पोरासारखा. मग पुढे आला, माझ्या हातातली बॅग घेतली, तिच्यावरची धूळ आपल्या सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि केबिनमध्ये, वहिनी बसायची त्या जागेवर, नीट उभी करून ठेवली.