कॅल्क्युलेटरात बसवलेले पाच वार

कॅल्क्युलेटरचं झाकण बसेना. पुर्वांतीने ते दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. एक कोपरा मिटला की दुसरा बेडकासारखा तोंड उघडी. आत बसवायचा संगणकाचा अख्खा बोर्ड बोटभर लांब, पण त्याच्या कडेला वायर खोचायची खाच होती, तीच नडत होती. शेवटी सोल्डर वितळवून तिने ती खाच उपटून काढली, आतल्या दोन खुंट्या कानशीने घासल्या आणि तारा थेट बोर्डाला चिकटवल्या.

नवा डबा घेतला असता तर तासाभराचं काम. पण तो वापरणारी बोटं बापाची होती, आणि बापाच्या बोटांना हाच कॅल्क्युलेटर ठाऊक होता. पिवळा पडलेला, आठाचा आकडा पुसून गेलेला.

तिचे वडील पाक रेजो म्हणजे गावाचं पंचांग. आठवड्याचे सात वार, बाजाराचे पाच वार, प्रत्येकाचा आपला अंक. मुलाचे नि मुलीचे अंक मिळवायचे आणि लग्न जमेल की नाही ते सांगायचं. यंत्रावर नुसती बेरीज, बाकी सगळं ओठांवर. ‘लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन’ असे बाजाराचे वार गुणगुणत ते जन्मतारखेपर्यंत मागे मागे जात, भातशेताच्या बांधावरून चालावं तसे. पण गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर मध्येच पाय घसरू लागला. एका घरी चुकीचा दिवस सांगितला, आणि अंगणातल्या चपला कमी झाल्या. म्हातारा रोज अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसत मात्र राहिला.

म्हणून लेकीचा हा खटाटोप. तारीख टाकली की पडद्यावर वार येणार, आणि जोडी जमते की नाही तेही येणार.

“माझं डोकं डब्यात भरतेस होय गं?”

“डोकं राहू द्या तुमच्यापाशी, बाबा. मी नुसतं मोजणं भरतेय.”

डबा एकदाचा मिटला, त्याच्या चौथ्या दिवशी दुपारी गावातली बु तुकिनेम आली, मुलाचा, वाहोनोचा, आणि होणाऱ्या सुनेचा जन्मदाखला घेऊन. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी आलं होतं.

“शेजारी मोबाइलवर बघून सांगतात, पण मोबाइलला काय कळतंय आपलं?” ती म्हणाली. मग रेजोंच्या हाताकडे नजर गेली. “अगंबाई, इथेही मोबाइलच.”

“याला बटणं आहेत,” रेजो म्हणाले, आणि तारखा दाबल्या.

मुलगी शनिवार, वागे. मुलगा रविवार, पाहिंग. खाली अक्षरं उमटली: जमत नाही.

वागे आणि पाहिंग एका घरात नांदत नाहीत, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तुकिनेमने कागदांची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “दोन वर्षं झाली हो त्यांची मनं जुळून,” एवढंच म्हणाली. पुर्वांती ओशाळली. इतक्या दिवसांनी आलेलं माणूस, आणि तिच्या यंत्राने त्याला रडवून परत धाडायचं.

रेजोंनी यंत्र मांडीवर ठेवलं. “तुकिनेम, वाहोनो झाला तेव्हा काय चाललं होतं तुझं?”

“काय चालणार? ओरडत होते.”

“आणि नवरा?”

“सुईणीला आणायला गेला तो गेलाच. दोघं आली तोवर दिवस मावळून मगरिबची बांग होऊन गेलेली. बाळ झालं ते त्यानंतर. दिवा धरून तोंड पाहिलं त्याचं.”

“मग तो पाहिंगचा कसा? दिवस मावळला की वार बदलला. सोमवार, पोन.” म्हाताऱ्याने बोटं दुमडली. “चार नि सात अकरा. मुलीचे नऊ नि चार तेरा. चोवीस. शांत घर. भांडतील, पण रस्त्यावर ऐकू येणार नाही.”

तुकिनेम हसली आणि पदराने नाक पुसू लागली.

पुर्वांतीने जीभ चावली. मावळतीला वार बदलतो हे तिला उजवा हात जेवायचा असतो तसं माहीत होतं, म्हणून तर यंत्रात लिहायचं सुचलं नाही. तिच्या यंत्राचा दिवस सरकारी दाखल्यासारखा मध्यरात्री उलटत होता.

तुकिनेम गेल्यावर तिने स्क्रू काढायला घेतले. “मावळतीचं एक बटण जोडते. जागा कुठंय पण? एक तार आत शिरेल तर शपथ.”

“नको शिरवूस. ते मी विचारीन. ‘जमत नाही’ तेवढं काढून टाक. वार दाखवू दे.”

“बरं.”

“आणि वारही लगेच नको. थांबव जरा त्याला. माणसाला बोलायला वेळ लागतो.”

“किती थांबवू?”

रेजोंनी विचार केला. “दोघांचा चहा ओतून होईस्तोवर.”