बाबांच्या आवाजाएवढी जागा

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवरचा तांबडा दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो — डिस्क अजून लिहितेय — आणि रत्नप्रभा श्वास धरून त्याच्याकडे बघते. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांतल्या मतदारांची नावं एकाच फाइलीत. ती अकारविल्हे लावायची, आणि मशीनला मेमरी सोळा एमबी. अख्खी फाइल एकदम आत मावत नाही. म्हणून सकाळपासून तिनं फाइलीचे तुकडे केले, एकेक तुकडा लावून डिस्कवर ठेवला. आता प्रत्येक तुकड्याची वरची ओळ बघायची, त्यांतली सगळ्यांत आधीची उचलून नव्या फाइलीत टाकायची, पुन्हा बघायची... पण त्या नव्या फाइलीला मूळ फाइलीएवढीच जागा हवी, आणि तेवढी डिस्कवर नव्हती. थोडीशीच कमी पडत होती.

"ही कसली फाइल हाय गो, एवढी दांडगी?" कॉम्प्युटरच्या दुकानाचा मालक इंद्रजीत मागून वाकला, बोट पडद्यावरच्या दुसऱ्याच एका फाइलीवर. "गाणी भरलीस काय? पूस ती. मुरबाडवाले संध्याकाळी यादी न्यायला येतील, माझंच डोकं खातील."

"बघते," ती म्हणाली.

गाणी नव्हती, तिच्या बाबांचा आवाज होता. वैशाखरे गावाहून दवाखान्यात दाखवायला आलेले, नंबर लागेपर्यंत इथंच दुकानात बसलेले. तिनं गमतीनं माइक पुढं धरला होता. "काय बोलू? भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय गो..." पुढंही बरंच होतं. पावसाळ्यात ते गेले, तेव्हापासून तिनं ती फाइल उघडली नव्हती. तुकडे करून फ्लॉप्यांवर घ्यावी, तर एकीला बुरशी लागली की मधलंच बोलणं जायचं — लोकांच्या नावांचे तुकडे तिनं बिनदिक्कत केले होते, इथं मात्र...

नाहीतरी मला पाठच आहे, असं म्हणून तिनं डोळे मिटले. शब्द आले, ओळीनं आले. बाबांचा आवाज आला नाही. मनात ते शब्द उमटले ते इंद्रजीतच्या आवाजात, मग तिच्या स्वतःच्या, धडा वाचून दाखवल्यासारखे. फाइल आहे, सांभाळलेली आहे, म्हणून मी मनात काहीच सांभाळलं नाही? इतका वेळ ती पुसण्याला भीत होती. आता उघडण्याचीच भीती — आत बोलणारा माणूस अनोळखी वाटला तर?

तिनं हेडफोन लावले, फाइल चालू केली. नुसती खरखर. मग कुणीतरी घसा खाकरला. हेडफोनमधून बाबांनी की मागून इंद्रजीतनं, तिला कळेना, आणि वळून बघण्याचा धीर होईना.