पाळण्याच्या चार खुंट्या

पाळण्यात मी लोखंड घालत नाही. अमरावतीत पाळणे करणारे दुसरेही आहेत, पण ते घर्रकन चार स्क्रू मारतात आणि वरून पॉलिश फासतात. त्याला मी सुतारकाम म्हणत नाही. माझा पाळणा सागवानाचा, आणि सांध्यातल्या खुंट्याही सागवानाच्याच. लोक त्यासाठी दोन-दोन महिने थांबतात. ही मिजास आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं.

माझी पद्धत अशी की पाळणा आधी कोरा जोडायचा. फेव्हिकॉल लावायचा नाही, खुंट्या बांबूच्या घालायच्या, त्याही भोकापेक्षा जराशा बारीक. मग लांबून बघायचं, काटकोन तपासायचा, पॉलिशचा रंग जुळवायचा. मन भरलं की बांबू काढून पक्क्या खुंट्या चिकटवून ठोकायच्या. कोरा जोडलेला पाळणा रिकामा असेल तर वर्षभर जागचा हलणार नाही. पण आत वजन पडून झोका बसला, की बांबू थोडा-थोडा बाहेर सरकतो.

त्या शनिवारी सकाळी साडेनऊला माझी बायको इंदूबाई भुसा झाडत होती. झाडता झाडता थांबली आणि तळहात माझ्यापुढे धरला.

"अहो, ह्या कोनत्या खुंट्या?"

सागवानाच्या चार खुंट्या. अकोल्याच्या पाळण्याच्या बुडाच्या. म्हणजे तिथे अजून बांबूच होता.

तो पाळणा आदल्या दिवशीच गेला होता. अकोल्याचा विपुल गाडी घेऊन आला होता. त्याच्या बहिणीची, आकांक्षाची, पहिली मुलगी. आजोळचा पाळणा मामा देणार होता. वरच्या खुंट्या मी पक्क्या केल्या होत्या, बुडाच्या तेवढ्या राहिल्या होत्या. तेवढ्यात विपुल म्हणाला, "डोमाजीभाऊ, जरा पाळन्याजवळ उभे राहा, व्हिडिओ काढतो." मी शर्ट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला आणि लाकडाबद्दल चांगलं पाच मिनिटं बोललो. मग आम्ही दोघांनी पाळणा उचलून गाडीत ठेवला.

बारसं आज होतं. दुपारी बाराला.

विपुलला तीनदा फोन लावला. उचलला नाही. मी मोटरसायकल काढली, खुंट्या खिशात घातल्या.

"फोन लागला की खरं सांगून टाका," इंदूबाई म्हणाली. "म्हना, लेकराले टाकू नका. बस."

"सांगतो ना! मले काय समजत नाही?" मी तिच्यावरच खेकसलो.

बडनेरा गेलं. डोळ्यांपुढे फक्त ते बुड दिसत होतं. बारा दिवसांचं पोर, वजन किती असणार? तीन किलो. तीन किलोनं काही होत नाही, असं मी स्वतःला सांगायचो. पण बारशाला झोका एक बाई देत नाही, दहा जणी देतात, जोरजोरात देतात. आणि पाळण्याचं बुड सुटलं, तर खाली फरशी, पोराचं डोकं.

मूर्तिजापूरला थांबून पुन्हा फोन लावला. या वेळी विपुलनं उचलला. मागे बायकांचा कल्ला चालला होता.

"बोला डोमाजीभाऊ! पाळना पाहून सारे खूश हायेत. सारे तुमचंच नाव घेऊन राहिले!"

बोलायचं ते ओठांवर होतं. आणि मी म्हणालो, "भाऊ, एक बारीकसं काम राहिलं. मी येऊनच राहिलो. तवरक पाळना तसाच राहू द्या."

"या ना, जेवालेच या!" आणि त्यानं फोन ठेवला.

बारीकसं काम. मी फोन हातात धरून उभा राहिलो. पुन्हा लावता आला असता. वेळ होता, रेंज होती. पण वेळेत पोचलो तर कुणाला काही कळणारही नाही, दहा मिनिटांत खुंट्या ठोकून मोकळा होईन, असा हिशेब मी केला आणि किक मारली. आयुष्यात एवढा भ्यालो नव्हतो, आणि तरी तोंड उघडलं नाही.

बोरगाव मंजूजवळ एक ट्रक आडवा झाला होता. वीस मिनिटं गेली. जठारपेठेतल्या विपुलच्या घरासमोर गाडी टेकवली तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. आतून पाळणागीत ऐकू येत होतं. मी चपलांसकट आत धावलो.

आकांक्षा पाळण्याशेजारी उभी होती, मुलगी तिच्या कुशीत, दुपट्यात. पाळण्यात तिच्या सासूनं, गोदाबाईंनी, वरवंटा ठेवला होता. कुंची घातलेला, काजळाचे डोळे काढलेला. आधी दगडाला झोका द्यायचा, मग लेकराला, म्हणजे लेकरू दगडासारखं टणक होतं. ही रीत मी साफ विसरलो होतो.

"थांबा!" मी ओरडलो. गाण्यात कुणी ऐकलं नाही.

पुढच्या झोक्याला बुड सुटलं. वरवंटा धाडकन खाली गेला आणि फरशी तडकली. मुलगी दचकून रडायला लागली.

मग गोदाबाई बोलल्या, "बारशाच्या दिवशी पाळना मोडला. या पोरीचे पायच तसे दिसतात."

साऱ्या बायकांनी आकांक्षाकडे पाहिलं. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही. खरं सांगतो, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. गप्प बसलो असतो तर दोष त्या बारा दिवसांच्या पोरीवर गेला असता आणि माझा धंदा जसाच्या तसा चालला असता. हे मनात आलं, आणि मला माझीच किळस आली.

"पोरीचा काही दोष नाही, आजी," मी खिशातून खुंट्या काढल्या. "ह्या ठोकाच्या राहून गेल्या. चूक माही हाय."

विपुल माझ्या अंगावर धावून आला, दोघांनी त्याला धरलं. आकांक्षा मात्र शांतपणे बोलली.

"मघा तुमचाच फोन आल्ता ना? तवा तुमाले हे मालूम होतं?"

"होतं, ताई."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"भेलो. दुकान बदनाम होईन म्हनून भेलो."

तिनं एकदा तडकलेल्या फरशीकडे पाहिलं. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, तिला छातीशी घट्ट धरून, ती माझ्यापासून दोन पावलं मागे सरली.