मोजणी जुळल्याशिवाय

मित्रांनो, मी एक जुना ट्रे आहे. स्टीलचा, चौकोनी आणि एका कोपऱ्यात पोचा आलेला. माझ्याकडून हसण्या-रडण्याची फार अपेक्षा ठेवू नका. उमेदीच्या वर्षांत रुग्णालयाच्या उकळत्या वाफेतून मी दिवसातून दोनदा-तीनदा जाऊन यायचो. इतक्यांदा भाजून निघाल्यावर अंगाला काही लागत नाही, आणि मनालाही नाही. कुणी कौतुक केलं तरी मी थंड, कुणी अडगळीत टाकलं तरी थंड.

जन्माची आठवण म्हणाल तर एवढीच, की वरून एक दणका बसला आणि मला कडा आल्या. तिथून मी थेट ऑपरेशन थिएटरात आलो. तिथल्या मुख्य सिस्टर म्हणजे माझ्या बाई. कात्र्या, चिमटे, कापडाच्या घड्या त्या माझ्यावर ओळीने मांडायच्या आणि ऑपरेशनच्या आधी मोजायच्या. टाके घालायच्या आधी पुन्हा मोजायच्या. मोठ्याने, एकेका वस्तूला बोट लावून. त्यांच्या मागे सगळे त्यांना 'मोजणीबाई' म्हणत. थोरले डॉक्टर नाकावर राग घेऊनच जन्मलेले, पण बाई "थांबा" म्हणाल्या की त्यांचाही हात थांबायचा.

एकदा एका शिकाऊ सिस्टरने माझ्याकडे न बघताच घडाघडा आकडे म्हटले. आकडे अगदी हवे तेवढेच होते. बाईंनी तरी पुन्हा मोजलं, आणि एक घडी कमी भरली. ती रुग्णाच्या पोटात निघाली. ती पोरगी पांढरीफटक पडली. "पाठ म्हणू नकोस, मोज," बाई तिला म्हणाल्या. "आणि मोजणी जुळल्याशिवाय टाके घालायचे नाहीत. समोर कुणीही असो." त्या दिवशी डॉक्टरांनी बाईंना शाबासकी दिली. मला कुणी दिली नाही. मीही मागितली नाही.

पुढे मला पोचा आला म्हणून बाद केलं. त्याच महिन्यात बाई निवृत्त झाल्या. त्यांनी मला मागून घेतलं आणि बाद माल एकत्रच घरी आला. तिथे मी बरीच वर्षं फ्रिजवर धूळ खात पडून होतो. बाईंचं मात्र उत्तम चाललं होतं. मुलगी कामावर गेली की त्या दाराला कुलूप लावून बाहेर पडायच्या, वाचनालयात जायच्या, ओळखीच्यांशी गप्पा मारून दुपारी परतायच्या.

मग त्या विसरायला लागल्या. आधी चष्मा. मग नावं. मग एकदा वाचनालयाची वाटच चुकल्या आणि दोन तास एका बाकावर बसून राहिल्या. मुलगी धास्तावली. तिने त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जादू नाहीये माझ्याकडे. पण रोज चालायचं, झोप पुरी घ्यायची, माणसांशी बोलायचं आणि डोक्याला रोज नवं काहीतरी खायला द्यायचं. त्याने आधार मिळतो." त्यांनी एक खेळही शिकवला. ट्रेवर दहा वस्तू मांडायच्या, मिनिटभर बघायच्या, वर फडकं टाकायचं आणि आठवून सांगायच्या.

असा मी फ्रिजवरून खाली आलो. त्याच दिवशी मुलगी म्हणाली, "आई, हे नीट जमलं तर किल्ली तुझ्याकडे राहील. नाहीतर मला बाहेरून कुलूप लावून जावं लागेल गं." बाई किल्ली हातात घट्ट धरून बसल्या.

पहिल्या दिवशी चार आल्या. आठवड्याने सात. महिन्याभरात रोज दहापैकी दहा! चष्मा, कात्री, चमचा, लिंबू, कंगवा, पेन, रीळ, मेणबत्ती, बटण आणि शेवटी किल्ली. मुलगी कॅलेंडरवर खुणा करायची आणि हसत कामाला जायची. चालणं मागे पडलं. दहा येतायत, मग चालायचं कशाला? लिंबू सुकून सुपारीएवढं झालं, तरी ते माझ्या अंगावरच होतं. मला सगळं दिसत होतं, मित्रांनो. पण ट्रेला कोण विचारतो?

एका रविवारी शेजारचे काका आले. बसचे निवृत्त ड्रायव्हर, बोलायला लागले की ब्रेक नाही. वर्तमानपत्र वाचायला त्यांनी माझ्यावरचा चष्मा उचलला आणि तेवढ्यात मुलीने फडकं टाकलं. बाईंनी सुरुवात केली, "चष्मा, कात्री, चमचा..."

"अहो सिस्टर, चष्मा माझ्या नाकावर आहे की!"

मुलगी हसली. काका हसले. बाई हसल्या नाहीत.

"मी पाठ म्हणत होते," त्या हळूच म्हणाल्या. "तू वस्तू बदलल्याच नाहीस?"

मुलीने मान खाली घातली. "तुझे दहा आले की मला दिवसभर बरं वाटायचं, आई."

दुसऱ्या दिवसापासून वस्तू बदलल्या, आणि बाईंच्या तीनच आल्या. मी त्यांचा चेहरा खालून बघत होतो. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नुसतं जड वाटलं, जणू दहाच्या जागी पन्नास वस्तू ठेवल्या असाव्यात.

पण बाई हटल्या नाहीत. एकेका वस्तूला बोट लावून, मोठ्याने नाव घेऊन बघायला लागल्या, थिएटरातल्यासारखं. सकाळी काकांबरोबर चालायला लागल्या. काका आपल्या जुन्या बसचे थांबे त्यांच्याकडून उलटे म्हणून घ्यायचे आणि चुकलं की "उतरा खाली!" म्हणून ओरडायचे. दुपारची लांबलचक झोप बंद झाली, त्यामुळे रात्रीची लागायला लागली. किल्लीची जागा ठरली, माझा पोचा आलेला कोपरा; दहांतली तेवढी एकच वस्तू रोजची. वापरून झाली की ती माझ्यावरच यायची. बाईंच्या कधी पाच आल्या, कधी सात. दहा पुन्हा कधी आल्या नाहीत.

आणि एक दिवस दूध करपलं. भांडं काळंठिक्कर झालं, घरभर धूर झाला. बाई शेजारच्या खोलीत पुस्तक वाचत होत्या. मुलीने खिडक्या उघडल्या आणि भांडं घासायला घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आंघोळीला गेल्या तेव्हा तिने माझ्यावरची किल्ली उचलली आणि पर्समध्ये टाकली. मग उरलेल्या नऊ वस्तू मांडल्या, खेळ नेहमीसारखा वाटावा म्हणून.

बाईंनी बोटं लावली, नावं घेतली. फडकं पडलं.

"सुई," बाई म्हणाल्या. "पेला... साबण." मग थांबल्या. "आज नाही येत गं."

"असू दे, आई. तीन आल्या ना. मी निघते." मुलीने चपला घातल्या. कुलूप तिच्या हातात होतं.

"थांब."

तो आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला. थोरल्या डॉक्टरांचा हात थांबवणारा आवाज. मुलगी दारातच थबकली.

"एक कमी आहे," बाई म्हणाल्या.

"काय कमी आहे?"

"ते नाही आठवत." बाईंनी फडकं बाजूला केलं आणि माझ्या पोचा आलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "पण इथे काहीतरी असतं. मी मोजलंय. मोजणी जुळत नाही."

मुलीने पर्स उघडली आणि किल्ली माझ्या कोपऱ्यात ठेवली. टण्ण आवाज झाला. इतक्या वर्षांत माझ्यावर हजारो वस्तू पडल्या, पण तेवढा आवाज माझ्या अंगात अजून आहे.

"हं," बाई म्हणाल्या. "आता जुळली. जा तू, तुला उशीर होतोय."

मुलगी गॅसचा मुख्य कॉक बंद करून गेली. बाहेरून कुलूप न लावता गेली.

मित्रांनो, चाला, पुरेसं झोपा, रोज काहीतरी नवं शिका, आणि नुसतं पाठ म्हणू नका. एवढं तर कुठलाही ट्रे सांगेल. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात कुणी विसरायला लागलं असेल, तर त्यांच्यासमोरून काही उचलताना सांगून उचला. काय गेलं ते त्यांना कदाचित आठवणार नाही. पण काहीतरी गेलंय, हे त्यांना कळतं.