‘नको’ची यादी

सलोनीने संगणकावर तीच बातमी सातव्यांदा ओढून पाहिली. ‘घडी’ तिच्या स्वतःच्या नावाने उघडली की बातमी यायची, फोटोसकट, वरून तिसरी. मग तिने नाव बदलून ‘अण्णा’ केलं आणि पुन्हा कळ दाबली. पाणीकपात आली, मंडईतले कांद्याचे भाव आले, हडपसरच्या पुलाचं रखडलेलं काम आलं. ती बातमी मात्र नाही.

"सापडली का चूक?" आरामखुर्चीतून तिच्या सासऱ्यांनी, गोपाळकृष्ण मेहेंदळ्यांनी विचारलं.

"शोधतेय, अण्णा."

"उद्या बाहेर पडायचंय ना तुझं ते?"

"हो, उद्याच."

"तेवीस चुका मी काढून दिल्या. एखादी तूही काढ."

एवढं बोलून ते चष्मा पुसत दुपारच्या झोपेला आत गेले.

‘घडी’ उद्या बाहेर पडणार होती. वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवरून ताज्या बातम्या ओढून एका खिडकीत मांडायच्या, एवढंच तिचं काम. पण सलोनीच्या संकेतस्थळावर चौदा महिने ‘येत आहे’ अशी पाटी लटकत होती आणि दोनशे माणसांनी नावं नोंदवून ठेवली होती. बातम्या गिळणारं वाचनयंत्र त्यांच्या हातात कसं द्यायचं?

त्याआधीची सहा वर्षं तिने वारज्याच्या या फ्लॅटमध्ये, शिलाई मशीनच्या शेजारच्या टेबलावर, वेबपानं सजवणाऱ्यांसाठी लहानसहान हत्यारं बनवली होती. पडद्यावरचा कुठलाही रंग उचलून त्याचा नंबर सांगणारा चिमटा. दोन ओळींमधलं अंतर मोजणारी पट्टी. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांवरून शिकलेली विद्या. फिनलंडहून कोणी आभाराची मेल पाठवी, ब्राझीलहून कोणी. घरी पाहुण्यांनी विचारलं, तर अण्णा सांगत, "कॉम्प्युटरवर खुडबुड करते काहीतरी. पोळ्या मात्र वेळेवर होतात, नाही असं नाही."

‘घडी’ ही घरातल्या माणसाला वापरता येईल अशी तिची पहिलीच वस्तू. पहिले परीक्षक अण्णा. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. चूक तोंडी सांगणं त्यांना जमत नसे. कोऱ्या अर्ध्या कागदावर ते लिहीत: ‘विषय: अक्षर बारीक दिसणेबाबत. पुढील कार्यवाहीस्तव सादर.’ खाली सही, तारीख. सलोनीने ते तेवीसच्या तेवीस कागद फाइलला लावले होते. तिच्या कामाबद्दल या घरात कोणी कागदावर काही लिहिलं, ते पहिल्यांदाच.

‘नको’ हा रकानाही त्यांच्याच कागदावरून आलेला. राशिभविष्य नको, नट्यांची लग्नं नकोत. रकान्यात शब्द लिहायचा, की तो शब्द असलेली बातमी दिसतच नाही. ही सोय झाल्यावर अण्णा इतके खूश झाले, की त्यांनी पेपरवाल्याला बंद सांगितलं आणि खालच्या बाकावर बसणाऱ्या सगळ्यांना ऐकवलं, "रद्दी साठवायचं वय राहिलं नाही आमचं. तुम्ही साठवा."

आज सकाळी तळमजल्यावरच्या सरोजिनीबाई पेपर घेऊन धापा टाकत वर आल्या. "अगं, अर्ध्या पानावर आहेस! आणि अण्णा, तुम्ही पाहिलंत का?"

अण्णा पडद्यासमोरच बसले होते. "आमच्याकडे असलं काही आलेलं नाही," ते म्हणाले. सलोनीने पेपर हातात घेतला आणि न वाचताच पहिल्यांदा घाबरली, ती ‘घडी’तल्या चुकीला.

आता दुपारचा एक वाजला होता. ओढण्यात दोष नव्हता, मांडण्यात नव्हता. एका नावाने बातमी येते, दुसऱ्या नावाने येत नाही, म्हणजे फरक नावातच असणार. तिने अण्णांच्या ‘नको’ची यादी उघडली. माणसाचा खासगी रकाना म्हणून तो ती कधी उघडत नसे.

राशिभविष्य. क्रिकेट. नटी. सौंदर्यस्पर्धा. ज्योतिष. पाककृती.

सलोनी.

शेजारी तारीख होती. गेला मंगळवार. ‘घडी’बद्दल लिहायला वार्ताहर येऊन तिचा फोटो काढून गेला, तो दिवस. त्या दिवशी अण्णांनी त्याला स्वतः पाणी आणून दिलं होतं.

आडनाव लिहिलं नव्हतं. मेहेंदळे त्यांना चालत होते.

अण्णा एका बोटाने टाइप करत. प्रत्येक अक्षर कळफलकावर हुडकून काढत. या तीन अक्षरांना पाच मिनिटं तरी लागली असतील. तिने त्या ओळीवर बाण नेला. पुसायला एक कळ पुरली असती. तिने यादी तशीच बंद केली.

मग तिने पेपर वाचला. मजकुराच्या शेवटी चौकट होती. ‘‘नको’ ही सोय माझ्या सासऱ्यांची, श्री. गोपाळकृष्ण मेहेंदळे यांची कल्पना. ते नसते तर हे कामच पुरं झालं नसतं.’ तिचेच शब्द. मंगळवारी, अण्णा ग्लास ठेवायला आत गेल्यावर, ते तिने वार्ताहराला सांगितले होते. तिने पेपराच्या चार घड्या केल्या आणि तो गव्हाच्या डब्याखाली सरकवला.

चारला अण्णा खाली जाऊन आले. चपला काढताना त्यांचा आवाज वेगळाच होता.

"बाकावरचे पोपटराव म्हणत होते, त्यात माझंही नाव आहे म्हणे. चौकटीत."

"हो का?"

"तू वाचलंस ना?"

"तुम्हाला दिसलं नाही का, अण्णा?"

"नाही."

"मग नसेल."

"सरोजिनीबाईंचा पेपर?"

"घेऊन गेल्या त्या."

त्यांनी चपलेत पुन्हा पाय घातला आणि बाहेर काढला. पोपटरावांकडे पेपर मागायला जाणं त्यांना शक्य नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"चहा टाकते," सलोनी म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

आधण उकळत असताना बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग कळा. एक. थांबून दुसरी. तिने गॅस बारीक केला. ती पुसायचीच कळ असणार, एवढं ऐकून कळत होतं.

नको म्हटलेली बातमी साठवायचीच नाही, हे तिनेच ठरवलं होतं; फोनच्या तारेवरून येणारी प्रत्येक ओळ हळू येई. आणि त्या वर्तमानपत्राचं संकेतस्थळ ताज्या वीस बातम्याच देई. सकाळच्या बातम्या तीन वाजेपर्यंत तिथून निघून जात. तिच्या स्वतःच्या खिडकीत ती बातमी होती. पण त्या नावाला परवलीचा शब्द होता.

बाहेर ‘पुन्हा ओढा’ची कळ वाजली. परत वाजली. सलोनीने आलं किसलं, वेलदोडा सोलला. अण्णांना लागतो.

"सलोनी," बाहेरून हाक आली. सोळा वर्षांत ते ‘अगं’ म्हणत आले होते. "यात काही बिघाड आहे का गं?"

तिने कप भरला, बशी खाली ठेवली, आणि बाहेर येऊन तो त्यांच्या हाताशी ठेवला.

"नाही हो, अण्णा," ती म्हणाली. "तुम्हीच तर तपासलंय."