पाचवा पाय, डावा

नमुना: एक. मादी. लांबी आठ मिलिमीटर. अरबी समुद्र, खोली दोन हजार सहाशे मीटर. सध्या मुक्काम हिंगोली, सबीहाच्या कपाटात, वरून दुसरा कप्पा.

आता समुद्राच्या तळाचा जीव हिंगोलीत कसा आला, तर कुरिअरने आला. रेवतीने पाठवला. रेवती आणि सबीहा पाचवीपासून एका बाकावरच्या. पुढे रेवती किनाऱ्यावरच्या संशोधन संस्थेत गेली आणि सबीहा इथेच राहिली, कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत. पण हात सबीहाचा. अब्बांच्या घड्याळाच्या दुकानातला बारीक चिमटा घेऊन ती असल्या जिवांचे पाय सुटे करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून, वरच्या केसांसकट कागदावर उतरवायची. आठ वर्षं असं चाललं होतं. तिकडून जीव यायचे, इकडून चित्रं जायची.

तिच्या अम्मीला, हाजराबींना, हा धंदा बिलकुल पसंत नव्हता.

"दारूत बुडवलेला झिंगा कपाटात ठेवती ही पोरगी," त्या येईल त्याला सांगत. "अन् तोही खायाचा न्हाई! सिद्धेश्वरच्या धरणात झिंगे कमी पडले काय?"

"अम्मी, झिंगा न्हाई तो."

"मग काय हाय?"

"झिंग्याचा दूरचा नातेवाईक."

"मग त्याच्या घरी पाठव की त्याला."

डोकं: डोळे नाहीत. तिथवर उजेड पोचत नाही, तर डोळे ठेवून करायचं काय? मिशांच्या दोन जोड्या. सगळी चाचपणी त्यांच्यावर.

पाय: सात जोड्या. पहिल्या दोन पकडायला. पुढच्या दोन पुढे वळलेल्या, शेवटच्या तीन मागे.

पाचवा पाय, डावा:

नाही.

सबीहाने तिथे नुसती तुटक रेष मारली होती. तो पाय जाळ्यात तुटलेला नव्हता. जखम जिवंतपणीच भरून आलेली होती, आणि तिथून खसखशीच्या दाण्याहून बारीक कोंब निघालेला होता. बाई तिकडे काळोखात नवा पाय उगवून राहिली होती. सबीहाने पेन्सिलीने बाजूला तसं लिहिलं आणि चित्र पाठवून दिलं. अब्बांचीही हीच रीत. उघडलेल्या घड्याळात जो पुर्जा नाही, त्याची पांढऱ्या कपड्यावरची जागा मोकळी ठेवायची. भलताच पुर्जा ठेवून गिऱ्हाइकाला फसवायचं नाही.

मंगळवारी शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नवी जात. दोन लेखिका, आणि पहिलं नाव सबीहाचं! तिने स्टाफरूममध्ये ज्योती मॅडमना मोबाइल दाखवला, घरी फोन केला. दुपारपर्यंत महेबूब घड्याळवाल्यांनी अर्धा बाजार गोळा करून सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात कायम जागेची मुलाखत होती, तिला हा एकच कागद कमी पडत होता.

लिहिणं-छापणं सगळं रेवतीकडे असायचं, त्यामुळे निबंध ती पहिल्यांदाच वाचत होती. मग ती तिसऱ्या चित्रापाशी आली.

पाचवा डावा पाय तिथे होता. सगळा. नखापर्यंत.

आणि रेघ तिची स्वतःची होती. कुणाही चित्रकाराला आपला हात कळतोच. हा पाय तिने दोन वर्षांपूर्वी काढला होता, अंदमानकडच्या एका वेगळ्याच जिवाचा. तो तिथून उचलून इथे चिकटवलेला होता.

प्रसार: अरबी समुद्र आणि अंदमान समुद्र.

असं निबंधात छापलेलं. पण ह्या जातीची मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत ठेवते. पिलं पिशवीतून निघतात ती पुऱ्या पायांनी, आणि आईच्या आसपासच चिखलात राहतात. पाण्यावर तरंगत दूरदेशी जाणारं लहानपण त्यांना नसतंच. मग देशाला वळसा घालून ती पलीकडे गेली कशी? एका उसन्या पायावर गेली. चित्रात पाय जुळला, म्हणून दोन वेगळे जीव एक झाले, दोन समुद्र एक झाले, आणि रेवतीचा प्रकल्प आणखी पाच वर्षं वाढला.

सबीहाने फोन केला. रेवती म्हणाली, "रविवारी येऊनच राहिले मी. समोरासमोर बोलू."

(इथे या प्राण्याच्या शेपटीचं वर्णन यायला हवं. ते राहू द्या. रेवती आली.)

चहा झाला. रेवतीने औंढ्याहून पेढे आणले होते, ते हाजराबींच्या हातात दिले, गुडघेदुखीची चौकशी केली. मग दार लोटून खोलीत बसली.

"कुपी दे. संग्रहालयात जमा करायची हाय."

नवी जात जाहीर केली की तो मूळ नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो. पुढे कुणीही येऊन पडताळू शकतो.

"जमा करशील," सबीहा म्हणाली. "अन् पाय कुठून आणशील?"

"प्रवासात तुटला म्हणू. तुटतातच. फक्त तो कोंब..." रेवती थांबली. "तेवढा काढून टाक, सबे. कोंब दिसला की कुणालाही कळतं, पाय आधीपासून नव्हता."

"तूच काढ."

"माझा हात कापतो. तुझा न्हाई."

आठ वर्षांत सबीहाच्या हाताची एवढी तारीफ तिने कधी केली नव्हती.

"काहून केलं रेवती? मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू न्हाई म्हणाली असती. अन् पहिलं नाव तुझंच टाकलं ना मी? कोण टाकतं दुसऱ्याचं नाव पहिलं?"

"अन् म्या कोंब काढला न्हाई तर?"

रेवतीने कपातल्या चहाच्या गाळाकडे बघितलं. "चित्रं कुणाची हायेत? संस्थेतल्या आमच्या सरांना ठाऊक हाय चित्रं तुझी. मी तसंच सांगितलंय."

"कसंच?"

"की हिंगोलीहून जशी आली, तशी मी छापायला दिली."

"कवा सांगितलं?"

"एप्रिलात."

एप्रिलात. निबंध पाठवायच्याही आधी. सबीहाने मनात महिने लावून पाहिले. बराबर बसत होते. पहिलं नाव बक्षीस म्हणून नव्हतंच. वेळ आली तर पुढे कुणाला उभं करायचं, ते आधीच ठरलेलं होतं.

ती उठली. कपाट उघडलं, कुपी काढली, जीव काचेच्या बशीत घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. रेवतीने सुटकेचा निःश्वास टाकला.

"तुला तकलीफ झाली, मला कळतं गं. पण एकदाच—"

सबीहाने पेन्सिल उचलली.

पाऊण तास ती मान वर न करता काढत होती. भरून आलेली जखम. कोंब. कोंबावरच्या घड्या, ज्या पुढे सांधे झाल्या असत्या.

"काय करून राहिली तू?"

"पाचवा डावा."

चित्राखाली तारीख घातली, सही केली, मोबाइलवर फोटो घेतला. मग नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं, रेवतीला दिसेल असं, सावकाश. *चित्र तीनमधला पाचवा डावा पाय माझ्या हातचा आहे, पण या प्राण्याचा नाही. अंदमान समुद्रातला प्राणी वेगळा आहे. प्रसार फक्त अरबी समुद्र असा वाचावा. हा पाय इथे मी लावलेला नाही. मूळ चित्र आणि आज काढलेलं चित्र सोबत जोडलं आहे.*

"कुणी लावला, ते लिहिणार हाय का तू?" रेवतीने विचारलं.

"ते तुझं तू लिही."

"पुढच्या महिन्यात मुलाखत हाय तुझी. अख्खा निबंध मागं घेतील ते. दोघीबी बुडू, सबे."

"नाव पहिलं हाय माझं. पहिली मीच बुडन."

पत्र गेलं. मोबाइलने टुंग केलं, एवढंच. रेवतीने कुपीकडे हात नेला. सबीहाने जीव परत आत सोडला, बूच घट्ट केलं आणि कुपी मुठीत धरून ठेवली.

"संग्रहालयात मी पाठवीन."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाजराबींची हाक आली. "सबीहा! रेवती बेटीच्या वाट्याच्या भाकरी टाकू ना?"

वीस-पंचवीस वर्षांत या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नव्हतं. द्यावंच लागत नसे. रेवती पर्स खांद्याला लावून सबीहाच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"न्हाई अम्मी," सबीहा म्हणाली. "नको टाकू."