निळ्या गाडीचा डावा दरवाजा

नानांनी डोळे मिटले, जुनं मऊ फडकं तळहाताखाली धरलं आणि हात निळ्या गाडीच्या डाव्या दरवाजावरून हळूहळू पुढून मागे नेला. पत्र्याला कुठे खळगा राहिला असेल तर तो डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळतो. मधे फडकं असलं की बारीकसारीक खरखर लागत नाही, फक्त उंच-सखल तेवढं लागतं. हात हँडलपाशी येऊन थांबला, परत मागे गेला. दरवाजा सपाट होता. कालही सपाटच होता.

"अजून आहे थोडं," नाना म्हणाले.

सून शेडच्या तोंडाशी चहाचे दोन कप घेऊन उभी होती. तिने एक कप त्यांच्या स्टुलावर ठेवला आणि मोकळा हात दरवाजावर टेकवला.

"कुठे? मला तर काहीच लागत नाही."

"तुला नाही लागायचं. त्याला आयुष्य घासावं लागतं."

ती हसली आणि पालथ्या डब्यावर बसून चहा पिऊ लागली. तिच्या अंगावर अजून इस्पितळातले नर्सचे कपडे होते. पत्र्याच्या छताला पडलेल्या भोकांमधून उन्हाचे कवडसे आत आले होते आणि त्यांच्यात पुट्टीची पांढरी धूळ तरंगत होती. खाली बसायची त्या धुळीला काही घाई नव्हती.

नानांनी उभा जन्म लोकांच्या गाड्या रंगवण्यात घालवला होता. दुकान केव्हाच दुसऱ्याला दिलं, पण घरामागची ही शेड आणि तिच्यातली हत्यारं त्यांनी सोडली नव्हती. मुलगा गेला त्या वर्षी ते या शेडमध्ये दिवसभर नुसते बसून असत. साधा ताप म्हणता म्हणता तो गेला आणि घरात नाना, नानी आणि सून अशी तीन माणसं उरली. सगळ्यांना वाटलं सून माहेरी जाईल. ती गेली नाही. इस्पितळातली ड्यूटी संपली की घरी यायची, थेट शेडमध्ये येऊन बसायची आणि वॉर्डातल्या गमती सांगायची. कोणत्या आजोबांनी नकली दात उशीखाली लपवले, कोणती आजी सुई दिसली की झोपेचं सोंग घेते. स्वतःच्या मुलाशी नाना कधी इतकं बोलले नव्हते.

आणि आता तिला डोंगरापलीकडच्या गावातल्या इस्पितळात जागा मिळाली होती. अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करायची. काम तिच्या मनाजोगतं होतं, राहायला खोली होती, अट एकच की स्वतःची गाडी हवी. तिने साठवलेल्या पैशांतून ही जुनी निळी गाडी घेतली. इंजिन खणखणीत होतं, पण अंगाकडे बघवत नव्हतं. आधीचा मालक बहुधा आवाज आला की थांबायचं या पद्धतीने गाडी लावत असावा. चारही कोपऱ्यांना पोचे होते, बंपरचा रंग सोलून निघाला होता आणि डाव्या दरवाजाला तर पोटात कोणी गुद्दा मारावा तसा खड्डा होता.

"अशी गाडी घेऊन आजाऱ्याच्या दारात गेलीस तर आजारी माणूस तुझीच काळजी करत बसेल," नाना म्हणाले होते. "आठ दिवस दे. नवी करून देतो."

ते आठ दिवस संपायचं नाव घेत नव्हते. पुट्टी पुरती वाळली पाहिजे, रंगाखालचं अस्तर मुरलं पाहिजे, हवा दमट आहे, आज ऊन कमी आहे. नाना सांगत ते सगळं धंद्यातलं खरंच होतं, फक्त थोडं ताणलेलं होतं. एक हात अस्तर पुरे होतं तिथे त्यांनी दुसरा मारला, मग घासून घासून तिसरा. आपण खोटं बोलतोय असं त्यांना वाटत नव्हतं. काम चांगलं व्हावं एवढंच आपल्याला वाटतंय, असं ते स्वतःला समजावत आणि स्वतःचं ऐकतही.

नानीला मात्र सगळं कळत होतं. ती भाजी निवडता निवडता खिडकीतून म्हणायची, "नवरी नटायलासुद्धा इतका वेळ घेत नाही हो. हिला काय बोहल्यावर उभी करायचीय?"

"तू तुझं काम बघ," नाना म्हणायचे.

"माझं काम वेळेवर होतं."

पण त्यापुढे नानीही गप्प बसायची. पोरगी इथेच राहिली तर तिला काय नको होतं?

रंगाचा दिवस आला तेव्हा नानांनी गाडीच्या सगळ्या काचांवर खाकी कागद लावले आणि कडा टेपने बंद केल्या. आतल्या आसनांवर चादर टाकायची राहिली म्हणून सून आत शिरली, आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. नानांनी कान दिला. स्टिअरिंगचं किंचित कुरकुरणं ऐकू आलं.

"काय गं, कुठे निघालीस?"

"घाट चढतेय," आतून आवाज आला. कागदातून तो लांबून आल्यासारखा वाटला.

"वळणावर हॉर्न दे."

तिने तोंडानेच हलकेच आवाज काढला. नाना गालात हसले.

"समोरून ट्रक येतोय. डावीकडे घे. घाई नको."

"घेतली." मग थोडा वेळ गेला. "नाना, इथे आत सगळं मधासारखं दिसतंय. कागदामुळे. हात, चाक, सगळं."

"आता कुठे आहेस?"

"उतार लागलाय. खाली पाणी दिसतंय. तळं असेल नाहीतर नदी. ढग त्याच्यात पडलेत."

नाना स्प्रे गन हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांनाही ते पाणी दिसलं. रुंद, न हलणारं, आणि काठाकाठाने जाणारी एक निळी गाडी. ती गाडी फार लहान दिसत होती.

"तुम्ही मागे बसलाय ना?" तिने विचारलं.

"बसलोय की."

"मग ठीक आहे."

"पोचत आलीस का?"

छतावर एक पाखरू टकटक चालत गेलं. नानांना वाटलं तिला झोप लागली असेल, रात्रपाळी करून आली होती बिचारी.

"नाही," ती म्हणाली. "अजून लांब आहे."

त्या दुपारी नानांनी रंग मारला. कारखान्यातला मूळ निळा आणला असता तर तो जुन्या पत्र्याशेजारी नव्या ठिगळासारखा उठून दिसला असता. म्हणून त्यांनी ऊन खाल्लेला, उतरलेला निळा आपल्या हाताने जमवला होता, थेंबभर करडा आणि त्याहून कमी पिवळा घालून. शेडमध्ये निळं धुकं भरलं. त्यात नाना पुढे-मागे होत होते, त्यांचा हात एकसारख्या चालीने फिरत होता, आणि तेवढा वेळ त्यांच्या मनात काहीही नव्हतं. धुकं खाली बसलं तेव्हा दरवाजा कुठे संपतो आणि मडगार्ड कुठे सुरू होतं ते सांगता आलं नसतं. काम इतकं सुरेख झालं होतं की नानांना धस्स झालं.

पुढचे काही दिवस पॉलिशवर निघाले. मग तेही निघेनात. नाना फडकं घेऊन गाडीभोवती फिरत, एखादी उणीव सापडते का बघत, आणि गाडी त्यांना दाद देत नव्हती.

एका संध्याकाळी जेवताना सून म्हणाली, "आज तिकडच्या इस्पितळातून मेट्रनबाईंचा फोन होता. सोमवारी हजर झाले नाही तर यादीतल्या दुसरीला बोलावणार म्हणाल्या. आधीच दोनदा मुदत मागितली मी."

"मग?" नानीने विचारलं.

"गाडी झाली नाही म्हणून सांगितलं." तिने नानांकडे पाहिलं. "होईल का हो सोमवारपर्यंत?"

हो म्हणायला हवं होतं.

"उद्या उजेडात एकदा बघतो," ते म्हणाले आणि पानावरून उठले.

सकाळी ते शेडमध्ये गेले, गाडीवरची चादर ओढून काढली आणि जागच्या जागी उभे राहिले. डाव्या दरवाजावर, जो त्यांनी तळहाताने इतक्या वेळा पारखला होता, त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चरा उठला होता.

पावलं वाजली. सून मागे येऊन उभी राहिली. तिने केससुद्धा विंचरले नव्हते.

"काल तुम्ही आत गेल्यावर हात बसावा म्हणून बाहेर काढली होती," ती म्हणाली. "पुढे घेताना फाटकाला घासली. माझं लक्ष नव्हतं नाना."

नाना वाकले. चालत्या गाडीला चरा पडतो तो जिथे आदळते तिथे खोल असतो आणि मागे जाता जाता विरत जातो. पुढे जाणारी गाडी असेल तर तो पुढून मागे. हा मागे, हँडलखाली सुरू झाला होता आणि पुढे आला होता. निघालेल्या रंगाची बारीक साल पुढच्या टोकाशी गोळा झाली होती. माणसाचा हात सहज लोंबतो त्या उंचीवर तो होता. आणि मधे एका जागी तो तुटला होता, उचलून परत टेकवल्यासारखा. फाटक असं मधेच विचार करायला थांबत नाही.

नानांनी मान वर केली. तिने गाडीची किल्ली मुठीत इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

"आता परत सगळं करावं लागेल ना?" तिने विचारलं. "पुट्टी, अस्तर, रंग. पंधरा दिवस तरी जातील."

तिच्या आवाजात काळजी नव्हती, आशा होती. ती ऐकली आणि नानांना प्रचंड आनंद झाला, अगदी लहान मुलाला होतो तसा. इतके दिवस त्यांना वाटत होतं की आपणच हिला धरून ठेवतोय आणि हिचं मन केव्हाच घाटापलीकडे पोचलंय. दुसऱ्याच क्षणी ते घाबरले. एकाने अडवलं तर दुसरा सुटून जाईल तरी. दोघांनीही अडवून धरलं तर ही गाडी याच शेडमध्ये सडेल, आणि ही पोरगी दोन म्हाताऱ्यांना चहा देता देता स्वतः म्हातारी होईल.

ते गुडघे दाबत चऱ्यासमोर बसले.

"इकडे ये. हे बघ." त्यांनी नख चऱ्याच्या कडेवर ठेवलं. "वर निळा दिसतोय? त्याच्या खालचा हा राखाडी थर बघ, कसा भाकरीसारखा जाड आहे. हे अस्तर. एक हात पुरतो याला. मी तीन मारले."

ती शेजारी उकिडवी बसली.

"माहीत होतं मला," ती हळूच म्हणाली. "रिकामे डबे मीच टाकत होते ना बाहेर."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही अजून डबे आणत होतात. मला बरं वाटत होतं."

नानांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत.

"मला भीती वाटते नाना," ती म्हणाली. "तिथल्या खोलीत गेल्यावर बोलायला कोणी नसेल. आणि इथे तुम्ही दोघं."

"आम्हाला काय होतंय? नानी मला बोलायला आहे आणि मी ऐकायला." त्यांनी चऱ्यावरचं नख उचललं. "आम्हालाही करमणार नाही. ते मी खोटं सांगत नाही. पण तू जायला हवंस."

नाना उठले. कपाटातून त्यांनी पारदर्शक लॅकरची डबी आणि सगळ्यात बारीक ब्रश काढला. तिला वाटलं आता पॉलिश पेपर येईल, पुट्टीचा डबा उघडेल. नानांनी चरा फुंकून साफ केला, फडक्याने टिपला आणि जिथे तो पत्र्यापर्यंत गेला होता तिथून ब्रश टेकवून पुढे आणू लागले. ब्रश रेषेबाहेर गेला नाही.

"बुजवत नाही मी हा," ते म्हणाले. "गंज लागू नये एवढंच करतो."

"असाच दिसत राहील?"

"राहू दे. दिसला म्हणून बिघडत नाही काही."

लॅकरखाली चरा चमकला, पाण्यात पडलेल्या काडीसारखा. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता आणि तो आज नेहमीपेक्षा हळू होता. नानी खिडकीशी उभी राहूनच भांडी पुसत होती.

"फोन लाव मेट्रनबाईंना," नाना म्हणाले. "सांग, गाडी झाली."

सून शेडच्या दाराशी जाऊन उभी राहिली. पाठमोरी बोलत होती. हो, सोमवारी. हो, गाडी आहे. नाही, नवी नाही, जुनीच आहे, पण चांगली आहे. नाना ब्रश धूत होते, धुऊन झाला तरी धूत होते. ती परत आली आणि दरवाजाला बोट न लावता वाकून बघत राहिली.

"वाळायला किती वेळ लागेल?"

नानांच्या जिभेवर 'दोन दिवस' आलेलंच होतं. तिने ते मुकाट्याने मानलंही असतं.

"उन्हात घे," ते म्हणाले. "तासाभरात वाळेल."